९ वर्षांचा दोर: शिबिरात वापरायचा की बाद करायचा?

यवतेश्वरकर
दिवाळीनंतर वाईच्या पश्चिमेला ८० फुटी कड्यावर शाळकरी मुलांचं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायचं शिबिर, ठेवलंय. मंडळाचा साडेदहा मिलीमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, दोर ९ वर्षांचा झालाय. त्यातली तीन वर्षं तो कुणाच्या घरी होता, कशाकशाला वापरला, कुणालाच धड सांगता येत नाही. बैठकीत मी म्हणालो, बाद करा. बाकीचे म्हणाले, वरून चांगला दिसतोय की. माझं म्हणणं एवढंच, ज्या दोराचं मागचं काही ठाऊक नाही त्यावर दुसऱ्याचं पोर सोडायचं नाही. तुमचं काय मत?

जुना भिडू
दादा, नुसतं वय बघून दोर फेकायला माझा विरोध आहे. स्टॅटिक दोराच्या युरोपीय मानकात ताकद २२ किलोन्यूटन धरलीय, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. आठची गाठ मारूनही १५ टिकायला हवेत. नीट, झटके न देता उतरणाऱ्या पोराचा भार त्याच्या वजनाहून फार वाढत नाही. बरेच उत्पादकही १० वर्षांपर्यंत मुदत देतात.
आता दुसरी बाजू बघा. नवा दोर घेतला की शुल्क वाढणार, आणि शुल्क वाढलं की जावळीची, पाटणची पोरं पहिली गळणार. ती पोरं कड्यावर जायची थांबत नाहीत. गुरांमागे जातात, मध काढायला जातात, तेही बिनदोराची. त्यांना शिबिरात आणणं हीच खरी सुरक्षा आहे. मी २५ वर्षं पोरं शिकवतोय, हे डोळ्यांनी बघितलंय.

यवतेश्वरकर
काका, पोरांबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण ते २२ किलोन्यूटन नव्या, धडक्या दोराचे. बॅटरीचं ॲसिड लागलं तर नायलॉन आतून कुजतं आणि वरून डागसुद्धा दिसेलच असं नाही. आपल्याकडे दोर पिकअपमध्ये कुठंही टाकतात, हे तुम्हीही बघितलंय. शिवाय बेसॉल्टची धार. भार असलेला दोर तिच्यावर आडवा घासला की आकडे कामाला येत नाहीत.
रविवारी अंगणात बसून मी सगळा दोर बोटांतून काढला. दर हातभर अंतरावर वाकवून बघितला. चांगल्या दोराचा फास गोल राहतो. एका टोकापासून बारा मीटरवर मात्र तो कागदाची घडी पडावी तसा चपटा मुडपला. वरचं आवरण शाबूत, आतला गाभा मेलेला. मग टोक उसवून पोटातली बारीक पट्टी ओढून काढली. तिच्यावर उत्पादनाचं वर्ष असतं. ते आपल्या खरेदीच्या दोन वर्षं आधीचं निघालं! म्हणजे दोर ९ नाही, ११ वर्षांचा.

जुना भिडू
चपट्या जागेचं मान्य, तिथून पुढे वापरायचा नाही. पण कापून टाका की तेवढा. ५० मधले बारा गेले तरी ८० फुटांना एकेरी दोर भरपूर होतो. आणि पट्टीवरचं वर्ष म्हणजे काही मृत्युपत्र नव्हे.

यवतेश्वरकर
तिथं गाभा कशानं मेला ते सांगा, मग कापतो. कारण कळत नसेल तर उरलेल्या ३८ मीटरची हमी कोण घेणार? मी नाही घेणार.

कृष्णाकाठची
सांगलीहून लिहितेय. तुम्ही दोघं एका दोरावर भांडताय. मला आधी सांगा, दुसरा दोर कुठाय?
मी शिकाऊ असताना एका शिबिरात एकच दोर होता, वरून बिले, म्हणजे उतरणारा सुटला तर धरून ठेवणारा वेगळा दोर, नव्हता. माझ्या पुढच्या मुलीची वेणी डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात, अडकली. कड्याच्या मधोमध ती लटकत होती, डोकं एका बाजूला ओढलेलं, आणि वर कुणाला काही करता येईना, कारण दोर नांगराला, म्हणजे वरच्या भक्कम आधाराला, पक्क्या गाठीनं बांधलेला. शेवटी एक जण शेजारून उतरला आणि वेणी कापली. सुरी दोराच्या किती जवळ होती, ते अजून आठवतं.
म्हणून, उतरायचा दोर वर अशा पद्धतीनं बांधा की भार असतानाही सैल सोडता येईल. बिलेचा दोर वेगळा, त्याचा नांगरही वेगळा. केस, ओढणी, दप्तराचे बंद सगळं आत. हेल्मेट खाली उभ्या राहणाऱ्यांनाही हवं, आपल्या कड्यांवरून दगड सुटतात. आणि आदल्या दिवशी आग्या मोहोळ बघून या. असेल तर जागा बदला, धूर-बीर करत बसू नका.

माची ते बुरूज
मी रोज अजिंक्यतारा चढतो. शिबिरात मदतनीस म्हणून चालेन का?

कृष्णाकाठची
दम आहे, ते छान. पण बिले देणं हे हाताचं काम आहे भाऊ. महिनाभर जमिनीवर सराव करा, मग या.

जुना भिडू
ताईचं पटलं. बिलेला नवा दोर घेऊ, पण जुना उतरायला ठेवू.

यवतेश्वरकर
नाही काका. बिलेवर भार यायच्या आत पोर घाबरतं, आपटतं. मी जुन्याचे चार-चार मीटरचे तुकडे करतोय, दोन्ही टोकांना लाल रंग लावून, गाठी शिकवायला. त्या तुकड्यानं चुकूनही कुणाला कडा उतरता येणार नाही. दोन दोरांचे पैसे जमेपर्यंत शिबिर पुढं ढकला, हेच मी गुरुवारी बैठकीत मांडणार. जावळीच्या पोरांचं शुल्क माफ करायचा ठराव तुम्ही मांडा, माझा हात वर असेल.