फ्रिसलंडची टेकाडावरची गावं: बांध नसताना कशी टिकली?

प्रश्न: चिखली-आंबेवाडीला पंचगंगेचं पाणी शिरतं, ते आपण बघतोच. नेदरलँड्सच्या फ्रिसलंडमध्ये तर समुद्रच आत यायचा. गाव टिकलं कसं?

उत्तर १: हाताने रचलेल्या टेकाडावर, म्हणजे 'टेर्प'वर. चिकणमातीची ढेकळं, शेण, घरचा कचरा, असे थर पिढ्यान्‌पिढ्या चढवले. सलग बांध झाले ते इ.स. १००० नंतर. हेगेबाइंटम गावाचं टेर्प नेदरलँड्समध्ये सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८.८ मीटर, माथ्यावर बाराव्या शतकातलं चर्च.

उत्तर २: शेणामुळेच घात झाला! माती सुपीक, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून खणून होड्यांतून खत म्हणून विकली. चर्च आणि दफनभूमीखालची तेवढी वाचली, म्हणून बाजूला उभा कडा दिसतो.

उत्तर ३: अशा खणण्यात थर मिसळले की कुठली वस्तू कुठल्या काळातली, ते कळत नाही. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाचं १९४५-४६ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, म्हणून सातवाहनकालीन वस्ती उलगडली.