गच्चीवरचा दुधी कडू निघाला: मीठ लावून किंवा उकडून वापरता येईल का?

गच्चीबाग_घोडबंदर
सोसायटीच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये दुधी लावलाय. बी गेल्या वर्षीच्या घरच्याच फळातलं. आधीची फळं चांगली होती, परवा काढलेलं मात्र कडूजहर. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कापून मीठ लावून पिळलं किंवा कुकरला तीन शिट्ट्या दिल्या तर कडूपणा जातो का? आणि सासरे सकाळी उपवनला फिरायला जातात, येताना गाडीवर दुधी-आवळा-पुदिन्याचा रस घेतात. त्यात एखादा कडू दुधी गेला तर चवीवरून कळेल का?

अन्नरसायन_ऐरोली
ताई, तो दुधी टाकून द्या. अर्धासुद्धा वापरू नका.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडी आणि जनावरांपासून बचाव म्हणून वेल ती तयार करतो. आपण खातो त्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या गोडी फळं निवडून त्यांचं प्रमाण जवळजवळ नाहीसं केलेलं आहे. कडू लागलं याचा अर्थ ते परत वाढलंय.

ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणून मीठ लावून पिळल्याने किंवा उकडून पाणी ओतून दिल्याने निघत नाहीत. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, तेवढ्याने ती मोडतही नाहीत. जर्मनीत हायडेनहाइमला २०१५ मध्ये घरगुती बागेतली कडू झुकिनी (दुधीच्याच कुळातली भाजी) शिजवून खाल्ल्याने ७९ वर्षांचे गृहस्थ दगावले. कडू लागतंय हे कळूनही त्यांनी ताट संपवलं होतं. पत्नीने थोडंच खाल्लं, ती वाचली.

रसाबद्दलची तुमची शंका अगदी बरोबर आहे. कडू भाजीचा एक घास घेतला की माणूस ताट सरकवतो. रसाचा पेला मात्र दोन-तीन घोटांत रिकामा होतो आणि अर्ध्या दुधीतलं सगळं एकदम पोटात जातं. त्यात आवळ्याचा तुरटपणा, पुदिना, लिंबू, काळं मीठ. कोणी कारलं घातलं असेल तर कडू चव कशाची हे ओळखायला वावच उरत नाही.

कोपरी_पूर्व
पण कारल्याला मीठ चोळून कडवटपणा कमी होतोच की. मग दुधीला का नाही?

अन्नरसायन_ऐरोली
कारल्याचा कडूपणा त्याच रासायनिक घराण्यातला असला तरी द्रव्यं वेगळी आहेत, आणि भाजीत खातो तेवढ्याने माणसाला बाधत नाहीत. मिठाने सुटलेल्या पाण्याबरोबर त्यातला काही भाग जातो, तो फक्त चवीचा प्रश्न असतो. दुधीत कडूपणा हीच धोक्याची खूण आहे. ती थोडी पुसट केली तरी विष आतच राहतं. काकडीचं देठाकडचं टोक कापून घासतात, त्यातही उपयोग होतो तो टोक कापून टाकल्याचा, कारण कडूपणा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. घासण्यातून येणाऱ्या फेसाने आतलं काही बाहेर येत नाही.

आपत्कालीन_कळवा
आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) तज्ज्ञ समिती २०११ मध्ये याच विषयावर बसली होती. तिचा सल्ला सरळ आहे: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाका, दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका.

चाखायची पद्धत अशी. देठाजवळून, मधून आणि खालच्या टोकाकडून नखाएवढे काप घ्या. मीठ-लिंबू न लावता एकेक चावा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि थुंकून टाका. प्रत्येक दुधी वेगळा चाखायचा. वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) एकाच ढिगात अनेक शेतांचा माल असतो. एक गोडा निघाला म्हणून शेजारचा गोडाच असेल असं नाही. सर्दी झालेल्याने हे काम करू नये. सासऱ्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: डोळ्यांसमोर चाखून काढलेला साधा दुधी रस मिळत नसेल तर तो घेऊच नये.

कडू रस प्यायला गेलाच तर काही मिनिटांपासून काही तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे उलटीत रक्त येतं, रक्तदाब घसरतो. जठराच्या अस्तराला जखमा होतात. यावर उतारा नाही. शिरेतून सलाईन, आम्ल कमी करणारी इंजेक्शनं आणि रक्तदाबावर सतत नजर, एवढाच उपचार. म्हणून घरी दूध-तूप पाजत बसू नका, बोटं घालून उलटी काढू नका. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर ती यादी आणि उरलेला रस घेऊन थेट आपत्कालीन विभाग गाठा. 'कडू दुधीचा रस घेतला' हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर साधी अन्नबाधा समजून वेळ जातो.

परसबाग_बेलापूर
आता वेलाकडे येऊ. फुलात परपराग आला म्हणून त्याच वर्षीचं फळ कडू होत नाही, कारण गर हा आईवेलाचाच असतो. फरक पडतो तो त्या फळातल्या बीपासून पुढच्या वर्षी उगवणाऱ्या वेलात. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग फिरतात. आसपास कडू भोपळा, म्हणजे तंबोऱ्याचा तुंबा, असेल तर संकर होतो. कारलं, दोडका किंवा काकडीशी दुधीचा संकर होत नाही, ती भीती सोडा.

संकराचा वेल असता तर पहिल्या फळापासून कडू लागला असता. म्हणून आधी बघा, ड्रममध्ये बिया किती टाकल्या होत्या? वेल एकमेकांत गुंततात. कडू फळाचा देठ धरून बोटांनी मुळापर्यंत या.

गच्चीबाग_घोडबंदर
दोन बिया उगवल्यात. देठ मागे नेत गेले तर फळ भिंतीकडच्या, उशिरा फळलेल्या वेलाचं निघालं. त्याला आणखी एक छोटं फळ आहे.

परसबाग_बेलापूर
ते छोटं फळ वर सांगितलंय तसं चाखा. तेही कडू असेल तर वेल मुळासकट उपटा. गोडं असेल तर कारण पाण्याचा ताण. गच्चीचा स्लॅब तापतो आणि अर्धा ड्रम दुपारपर्यंत कोरडा पडतो. सकाळ-संध्याकाळ पाणी, मातीवर चार बोटं पालापाचोळा, उन्हाळ्यात वरून ५० टक्क्यांची शेडनेट. फळ धरल्यापासून साधारण १२ ते १५ दिवसांत, साल नखाने सहज टोचते तेव्हाच काढा. जून होऊ देऊ नका.

कडू फळ गाईला घालू नका, जनावरांनाही बाधतं. बिया वेगळ्या करून ओल्या कचऱ्यात द्या. घरच्या कंपोस्टमध्ये त्या उगवतात. यंदाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी पाकिटातलं घ्या.