मदत हवी आहे: डीएनए डाएट रिपोर्ट घेऊ की साखरेचा सेन्सर? (वय २७)

सावळा_मेघ:
नमस्कार. वय २७. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (वाईट) १४२, एचबीए१सी (दोनतीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. गोड जवळजवळ खात नाही, बाहेरचं आठवड्यातून एकदा. दोन पॅकेजं बघून ठेवली आहेत. एकात थुंकीचा नमुना पाठवायचा, जनुकं तपासून आपल्या शरीराला साजेसा आहार लिहून देतात. दुसऱ्यात दंडावर १४ दिवसांचा सेन्सर लावतात आणि अ‍ॅप सांगतं काय खायचं. दोन्हींपैकी कुठलं घेऊ? सवलत रविवारी संपते. पोळ्या कमी करा, चालायला जा हे माहीत आहे, तेवढंच सांगू नका.

रक्तबिंदू:
रविवारच्या आत पैसे भरू नका. निम्मी माहिती नाही. रक्त दिलंत तेव्हा किती तास उपाशी होता? स्त्री की पुरुष? उंची, वजन, कमरेचा घेर? घेर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर मोजा. हिमोग्लोबिन किती? उपाशीपोटी साखर किती? औषधं कुठली? घरात कमी वयात कुणाला हृदयविकार?

चढता_आलेख:
सेन्सरच घ्या. २०१५ मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने ८०० जणांना सेन्सर लावून पाहिलं. एकाच पदार्थाने कुणाची साखर भसकन चढली, कुणाची जागची हलली नाही. पोह्याने तुमचं काय होतं ते कुठलाही तक्ता सांगणार नाही. मात्र नीट वापरा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, सेन्सर तेव्हा स्थिरावत असतो. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे बोटातल्या रक्ताच्या पाचदहा मिनिटं मागे असतो. त्या दंडावर झोपलात तर रात्री साखर खोटीच खाली दिसते. आणि प्रत्येक पदार्थ निदान दोनदा, तेवढाच तोलून, त्याच वेळी खाऊन बघा.

तिसरी_बाजू:
आलेख, प्रश्न नीट वाचा. ज्यांचं ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल वाढलंय त्यांना तुम्ही साखर मोजायचं यंत्र देताय. सेन्सरला चरबी दिसत नाही. पोह्यांऐवजी चीज आणि लोणी खाल्लं तर रेघ सपाट येते, अ‍ॅप हिरवा रंग दाखवतं आणि तिकडे एलडीएल चढत राहतं. चौदा दिवस सपाट रेघेच्या मागे लागलेला माणूस नकळत याच वाटेने जातो.

डीएनएचं उत्तर तर २०१८ मध्येच मिळालं आहे. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर दोन आहारांत वाटलं होतं, कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा. वजन सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरलं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. कुणाला कुठला आहार लागू पडेल हे जनुकांवरून ओळखता आलं नाही.

चढता_आलेख:
एचबीए१सी ५.९ आहे, ते तुम्ही वाचलं नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. साखर हाही प्रश्न आहेच.

सावळा_मेघ:
स्त्री. १६० सेमी, ६१ किलो, कमर ८७. वजन ठीक आहे ना? जेवण रात्री ९.३० ला, रक्त सकाळी ८ ला. उपाशीपोटी साखर ९२. हिमोग्लोबिन ९.९. औषध काही नाही. पण माझा प्रश्न कुठलं पॅकेज हा आहे.

कोकणी_ताट:
मुळात तेल बदला. रिफाइंड बंद, लाकडी घाण्याचं खोबरेल किंवा शेंगदाणा आणा, वर घरचं साजूक तूप. आपल्या आज्या तेच खायच्या.

तिसरी_बाजू:
घाणा लाकडी असो की लोखंडी, तेलातल्या चरबीचं गणित बदलत नाही. संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी खोबरेलात जवळपास नव्वद टक्के, तूप साठाच्या पुढे, शेंगदाणा विसाच्या आत, करडई दहाच्या आसपास. एलडीएल १४२ असताना रोजच्या फोडणीला खोबरेल हा सल्ला चुकीचा आहे. वरणावर चमचाभर तुपाला माझी हरकत नाही. माप मात्र घरातल्या डब्यावर ठेवा. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला तीन लिटरच्या थोडं वर. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर तेल कुठलं हा प्रश्न नंतरचा.

कोकणी_ताट:
मासे आणि नारळ खाणाऱ्या किनारपट्टीला हे लागू नाही. माशातलं ओमेगा-३ तुम्ही हिशोबात धरत नाही.

तिसरी_बाजू:
बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, कालवणात, जरूर. पण त्या खातात का, हे आपण अजून विचारलेलंच नाही.

रक्तबिंदू:
मेघ, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३.८ आला. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन धरतात, आणि बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेमी आहे. तुमची ८७. पुण्याच्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी हेच दाखवून दिलं होतं. त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्तवाले याज्ञिक. त्यामुळे "वजन ठीक" यावर जाऊ नका.

आता मुद्द्याचं. "औषध काही नाही" म्हणजे पाळी नियमित व्हायच्या गोळ्याही चालू नाहीत ना? आणि चहात साखर किती?

दाब_मापक:
घरी बीपीचं मशीन घ्या. दंडाचा घेर मोजून कफ निवडा, लहान कफ बीपी जास्त दाखवतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मनगटावरची मशीनं टाळा.

सावळा_मेघ:
त्या गोळ्या चालू आहेत, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) आहे म्हणून, सात महिने झाले. त्याचा आणि कोलेस्टेरॉलचा काय संबंध? चहा तीन वेळा, दोन चमचे साखर. त्याला गोड खाणं म्हणत नाहीत.

रक्तबिंदू:
थेट संबंध आहे. गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असेल तर यकृत जास्त ट्रायग्लिसराइड बाहेर टाकतं. गोळ्या सुरू करण्याआधीचा लिपिड रिपोर्ट आहे का?

सावळा_मेघ:
मागच्या वर्षीचा सापडला. ट्रायग्लिसराइड १४८, एचडीएल ३७, एलडीएल १३६.

रक्तबिंदू:
बघा. १४८ चे २४०, आणि मधे गोळ्या आल्या. सगळं गोळ्यांमुळेच असं म्हणणार नाही, पण ही पहिली संशयाची जागा. कुठलाही डीएनए रिपोर्ट हे विचारत बसणार नाही. गोळी मनाने बंद करू नका. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, दुसरा पर्याय आहे का. बदलली तर दोनतीन महिन्यांनी परत तपासा. एचडीएल मात्र तेव्हाही कमीच होतं. इस्ट्रोजेनने ते सहसा थोडं वाढतं, तरी ३८. कमर आणि पीसीओएस यांच्या जोडीला ठेवलं तर हे इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचं लक्षण आहे. टीएसएचही करून घ्या, थायरॉईड मंदावलं तरी लिपिड वाढतं.

दुसरं, हिमोग्लोबिन ९.९. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी जास्त काळ रक्तात राहतात, त्यांना साखर जास्त चिकटते आणि एचबीए१सी खोटंच वर येतं. उपाशीपोटी साखर ९२ आहे, ती या ५.९ शी जुळत नाही. आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ करा. साखरेचं खरं बघायचं तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करा, पीसीओएसमध्ये तीच जास्त भरवशाची. दोन तासांनी १४० च्या आत हवी. आधीचे तीन दिवस पोळीभात नेहमीसारखा खा. भात सोडून गेलात तर आकडा उगाच वाढलेला येतो.

चढता_आलेख:
हिमोग्लोबिनचं पटलं. ५.९ वर मी घाई केली. ग्लुकोज चाचणीत काही निघालं तरच सेन्सर लावा.

पिठलं_भाकर:
पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू करा, साखर वाढतच नाही.

तिसरी_बाजू:
वाढते. पीठ तोलून बघा. पोळीला २५-३० ग्रॅम कणीक लागते, मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ. ज्वारी आणि कणीक यांचा तंतू जवळपास सारखाच. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या तर कर्बोदकं दुप्पट झाली.

शेवंती_७:
विषय निघालाच आहे तर विचारते, माझ्या ज्वारीच्या भाकऱ्या थापताना कडेने चिरतात. का?

पिठलं_भाकर:
पीठ जुनं, विरी गेली. पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा, आणि उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, कोमट झाल्यावर तळहाताच्या टाचेने मळा.

सावळा_मेघ:
धागा भाकरीवर नका नेऊ. सकाळी पोहे, दुपारी डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री वरणभात आणि पोळी. अंडी चालतात, मासे नाही. घरात बाबांना आहे, ४६ व्या वर्षी अँजिओप्लास्टी. आता सांगा, पॅकेज नको तर काय?

रक्तबिंदू:
बाबांचं सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला तर तुमची जोखीम वेगळी धरतात. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करा. ती आनुवंशिक असते, आहाराने हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर एलडीएलबाबत डॉक्टर जास्त कडक राहतात. "जनुकांप्रमाणे" जे कळायला हवं त्यातलं हे एक.

तिसरी_बाजू:
ताटाचं मी सांगतो, तुमच्याच खाण्यावरून. तीन कप, दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम साखर, बिस्किटं वेगळी. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ट्रायग्लिसराइडसाठी पहिला घाव इथे. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा, जीभ महिन्याभरात सरावते.

पोहे सोडू नका, प्रमाण फिरवा. भरल्या बशीला कोरडे ७० ग्रॅम पोहे लागतात. त्यात ५४ ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम ५ ग्रॅम प्रथिनं. कोरडे ४० घ्या, त्यावर ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि एक उकडलेलं अंडं. प्रथिनं १५ च्या घरात जातात. उसळ आणि अंडं आधी, पोहे शेवटी खा, त्यानेही साखर सावकाश चढते. डब्यात मूठभर मोड आणि काकडी वाढवा. रात्री पोळी किंवा भात, दोन्ही नाही. पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ, वाटीला ३० ग्रॅम कोरडी.

एलडीएलसाठी इसबगोल, दिवसाला साधारण १० ग्रॅम, दोन वेळा विभागून. काट्यावर तोला, चमच्याने अंदाज चुकतो. पहिला आठवडा निम्मंच घ्या, नाहीतर पोट फुगतं. मोठा पेला पाण्यात ढवळून लगेच प्या. ठेवलं तर घट्ट होतं आणि घशात अडकू शकतं.

सावळा_मेघ:
ठीक. पॅकेज घेत नाही. सोमवारी दोन्ही रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, सोबत फेरिटिन, बी१२, टीएसएच आणि लायपोप्रोटीन-ए करून घेते. लोहाची गोळी घरात पडून आहे, डॉक्टरांनी मागेच दिलेली. ती सकाळी चहाबरोबर सुरू करू का?

रक्तबिंदू:
आधी फेरिटिनसाठी रक्त द्या, गोळी त्यानंतर. आणि चहाबरोबर नाहीच. चहाने लोह अंगी लागत नाही, मागेपुढे तासभर तरी अंतर हवं. इसबगोलपासून दोन तास लांब. लिंबूपाण्याबरोबर घ्या. संध्याकाळच्या चहाच्या आधी दोन तास ही तुमच्या दिवसातली मोकळी वेळ दिसते.