ईसीएम बदलायला सांगितलाय, बदलू का?

बी-२०४: नमस्कार. ग्रुपवर गाड्यांतलं कळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आमची पेट्रोल गाडी थरथरायला लागली होती, चढावर ओढ नाही, आणि चेक लाइट लुकलुकायचा. गॅरेजमध्ये प्लग बदलले, मग तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली. तरी तेच. आता म्हणतात इंजिनचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेलाय, नवा टाकावा लागेल. खर्च मोठा आहे, घाईघाईत हो म्हणायचं नाहीये.

सी-१०१: ताई, बॅटरीची निगेटिव्ह अर्धा तास काढून ठेवा. कॉम्प्युटर रीसेट होतो, बरेचदा चालून जातं.

ए-५०३: अरे, ते आत्ता नको. बॅटरी काढली की कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसले जाऊ शकतात. कोड लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, ही नोंदही जाते. तपासायला धागा तोच असतो. ताई, स्कॅनरवर कोणते कोड आले ते सांगा. आणि लाइट लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, उभी ठेवा.

बी-२०४: पी०३०३ आणि पी०३५३ असे दोन आहेत काका. फोटो काढून ठेवलाय. लाइट नुसता लागलेला असणं आणि लुकलुकणं यात फरक असतो का?

ए-५०३: मोठा फरक असतो. लुकलुकतो म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) इतकं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तो तापून आतून वितळू शकतो. मग ईसीएमच्या खर्चाच्या जोडीला तोही खर्च.

आता कोड. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. पी०३५३ म्हणजे तिसऱ्या कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड. या दोन्हींत ईसीएमचं नाव कुठेही नाही. ईसीएम स्वतःबद्दल तक्रार करतो तेव्हा पी०६०१ किंवा पी०६०६ असे कोड येतात. पहिला मेमरीचा, दुसरा प्रोसेसरचा. ते आले नाहीत म्हणून ईसीएम चांगलाच आहे असं मात्र नाही. पी०३५३ चं कारण कॉइल, तिचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), मधली वायर किंवा ईसीएमच्या आतला ड्रायव्हर (कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) यांपैकी काहीही असू शकतं. कॉइल बदलून झाली. उरलेल्या तिन्हींतलं काय तपासलं, एवढं गॅरेजमध्ये विचारा. उत्तर देता आलं नाही तर ईसीएमला हात लावू देऊ नका.

डी-३०४: हे अगदी खरं आहे. माझ्या भावाच्या गाडीलाही ईसीएम गेला म्हणून सांगितलं होतं. शेवटी इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजलेली निघाली. बोल्ट घासून घट्ट केला आणि गाडी सुरू झाली.

ए-५०३: अर्थ तपासताना नुसतं मल्टिमीटरचं कंटिन्युटीचं बीप ऐकून भागत नाही. दहा तारांतली एकच शिल्लक असली तरी बीप वाजतं. गाडी सुरू असताना, हेडलाइट आणि पंखा लावून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थच्या पिनेपर्यंत व्होल्टेज मोजायचं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याच्या वर गेलं तर आधी अर्थ दुरुस्त. ईसीएमला येणाऱ्या १२ व्होल्टच्या मुख्य सप्लायचंही तसंच. कुजलेली वायरही मीटरवर १२ दाखवते, पण दिवा जोडला की तो मिणमिणतो. म्हणून मुख्य सप्लाय टेस्ट लॅम्पनेच बघावा. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरला मात्र बल्ब लावायचा नाही, तिथे मीटरच.

ताई, तुमच्या कॉइलच्या कपलरला पिना किती?

बी-२०४: दोन. मेकॅनिकला फोन करून विचारलं. समजून घेतोय, चिडला नाही.

ए-५०३: छान, मग काम सोपं आहे. दोन पिनांच्या कॉइलला एका बाजूने बॅटरीचा सप्लाय येतो आणि दुसरी बाजू ईसीएममधला ट्रान्झिस्टर अर्थला जोडतो-सोडतो. त्या सोडण्याच्या क्षणी ठिणगी पडते. म्हणजे कॉइलचा सगळा करंट ईसीएमच्या आतून जातो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये हा ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा कॉइलमध्येच असतो आणि ईसीएम फक्त छोटा सिग्नल देतो, तिथे ईसीएमला झळ पोचण्याची शक्यता कमी.

त्याला सांगा: तिसऱ्या कॉइलचा कपलर काढ, सप्लायच्या पिनेवर टेस्ट लॅम्प पेटतो का बघ. मग एलईडीचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि कपलरच्या दुसऱ्या पिनेमध्ये जोड आणि सेल्फ मार. दिवा लुकलुकला पाहिजे. अगदी तेच दुसऱ्या नंबरवर करून दोन्हींची तुलना कर. तिसऱ्यावर लुकलुकत नसेल तर बॅटरी सोडवून, ईसीएमचा कपलर काढून, तेवढी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपास. सलग आहे का, आणि बॉडीला कुठे लागत नाही ना. आणि जुनी कॉइल टाकली नसेल तर तिचा प्रायमरी रेझिस्टन्स (त्या दोन पिनांमधले ओम) बाकीच्या तीन कॉइलशी ताडून बघ.

ए-२०२: काका, मध्येच विचारतो, माफ करा. आमची गाडी सेल्फ मारते पण सुरूच होत नाही, आणि स्कॅनर म्हणतो इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क नाही. हा तरी नक्की ईसीएमच ना?

ए-५०३: नाही, इथे तर सगळ्यात जास्त सांभाळून. ईसीएम गप्प आहे म्हणजे तो मेलाच असं नाही. त्याला जागं करणारा मेन रिले ओढत नसेल, फ्यूज गेला असेल, अर्थ सुटली असेल. हे सगळं ठीक निघालं तर सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. बऱ्याच गाड्यांत एकाच ५ व्होल्टवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तो सगळा सप्लाय खाली ओढतो आणि काही गाड्यांत ईसीएम बोलायचाच थांबतो. मीटर लावून ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

दुसरं, स्कॅनरच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना कॅन लाइनच्या असतात, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात त्यांच्या. बॅटरी सोडवून त्या दोघींमध्ये साधारण ६० ओम यायला हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना लागल्यात. काही गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि लाइनच्या मधला वेगळा कॉम्प्युटर) असतो, तिथे हे माप असं लागू होत नाही. तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघूनच करा.

ए-२०२: खूप आभार. उद्याच मेन रिलेपासून सुरुवात करायला सांगतो.

बी-२०४: काका, तपासून झालं. सप्लाय ठीक. दुसऱ्या नंबरवर दिवा लुकलुकतो, तिसऱ्यावर नाही. वायर सलग आहे, बॉडीला लागत नाही. जुनी कॉइल सापडली, बाकीच्यांपेक्षा तिचा रेझिस्टन्स खूपच कमी आहे, जवळजवळ शॉर्ट.

ए-५०३: मग मेकॅनिकचं म्हणणं बरोबर निघालं, तसं त्याला जरूर सांगा. ईसीएममधला तिसरा ड्रायव्हर गेलाय, आणि का गेला तेही कळलं. कॉइल शॉर्ट झाल्यावर करंट वाढत गेला आणि ट्रान्झिस्टर जळला. हे कारण कळणं मला नव्या ईसीएमपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कारण तसंच ठेवून नवा ईसीएम बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, आणि त्याच्या खर्चाचं कुणीच सांगत नाही.

सी-१०१: मग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला घेतला तर? कपलर तेच, लावला की चालू.

ए-५०३: चालू होणार नाही, किंवा क्षणभर होऊन बंद पडेल. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, ओळख मागतो. किल्लीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम या तिघांची जोडी जमलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमच्या किल्लीला ओळखत नाही. जुना घ्यायचाच तर लेबलवरचा हार्डवेअरचा आणि सॉफ्टवेअरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, आणि आपल्या ईसीएमची मेमरी वाचून त्यात जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागते. कोरा घेतला तर त्यात गाडीचा चासी नंबर आणि योग्य सॉफ्टवेअर भरून सगळ्या किल्ल्या परत शिकवाव्या लागतात. त्या दिवशी घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या. राहिलेली किल्ली नंतर चालेल याची खात्री नाही.

ताई, तुमच्या ईसीएमचा प्रोसेसर आणि मेमरी धड आहे, एकच ड्रायव्हर गेलाय. मी तुमच्या जागी असतो तर आधी बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे दिला असता. तो ट्रान्झिस्टर बदलता येतो, डेटा तुमचाच राहतो, किल्ल्यांचा प्रश्नच येत नाही. बोर्डची पट्टी जळून गेली असेल किंवा आत पाणी जाऊन हिरवं पडलं असेल तरच पुढचा विचार.

डी-३०४: डिझेलवाल्यांसाठी एक. बऱ्याच कॉमन रेल (आजच्या पद्धतीच्या डिझेल) गाड्यांत सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरवर कोड छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरलेला असतो. नवा बसवताना तो भरायचा राहिला तर गाडी धूर सोडते, खडखड करते, आणि मग इंजेक्टरवर संशय येतो. जुना ईसीएम बोलत असेल तोवरच हे कोड वाचून लिहून ठेवा.

ए-५०३: उत्तम आठवण केली. आणखी एक, सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला स्थिर सप्लाय देणारा चार्जर जोडलेला हवा. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर चांगला ईसीएम तिथेच निकामी होऊ शकतो. हा चार्जर आहे का, हे आधीच विचारा.

बी-२०४: दुरुस्तीलाच देते. पाठवताना काय सांगू?

ए-५०३: काही करण्याआधी मेमरीची प्रत काढून ठेवायला सांगा, आणि ती तुम्हालाही द्यायला सांगा. लेबलचा फोटो काढा. काढताना आधी बॅटरी सोडवायची, थोडा वेळ थांबायचं, मग कपलर. पिनांना बोट लावायचं नाही. परत आल्यावर कॉइल लगेच जोडू नका. नव्या कॉइलचाही रेझिस्टन्स बाकीच्यांशी जुळवा. कपलर काढलेलाच ठेवून सेल्फ मारा, तिसऱ्या नंबरवर दिवा लुकलुकताना बघा, आणि मगच कॉइल बसवा.