मदत हवी आहे: एव्हरग्लेड्समधून सायकलने एक दिवस, लूप रोड घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी मी आणि माझे दाजी सायकलने टँपाहून मायामीला निघतोय. बाकीच्या दिवसांचं जमलंय, गाडी अडलीये ती एव्हरग्लेड्सच्या, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या पाणथळ प्रदेशाच्या दिवसावर. त्या बाजूला कुणी सायकल चालवली असेल, निदान गाडीने गेलं असेल, तर कृपया वाचा.

बेत असा आहे: आदल्या रात्री एव्हरग्लेड्स सिटीला मुक्काम. सकाळी कार्नेसटाऊनला येऊन ४१ नंबरचा हायवे, म्हणजे टॅमिआमी ट्रेल, धरायचा आणि पूर्वेला मायामीच्या पश्चिम कडेच्या क्रोम अ‍ॅव्हेन्यूपर्यंत जायचं. सरळ गेलं तर साधारण शंभर किलोमीटर, आणि चढ नावालाही नाही. सामान लादलेल्या सायकलवर हे अंतर आम्हाला जड नाही. पण हा एक दिवस नुसतं अंतर कापण्यात घालवायची माझी अजिबात इच्छा नाही.

हा हायवे १९२८ साली खुला झाला. तो बांधताना शेजारी कालवा खणला आणि निघालेला चुनखडक भरावाला वापरला. म्हणून कालवा बराच वेळ रस्त्याला लागून चालतो, आणि थंडीत त्याच्या काठावर ऊन खात पसरलेले अ‍ॅलिगेटर सायकलवरूनही दिसतात. पण ओकीचोबी तळ्याच्या बाजूने दक्षिणेकडे गवतातून संथ सरकत येणारं पाणी याच भरावाने अडवलं. आता पूर्वेकडच्या टप्प्यात रस्ता उचलून पूल केलेत; मैलभराचा पहिला पूल २०१३ मध्ये पूर्ण झाला. जे पाणी बघायला एवढ्या लांब जायचं, ते अडवणाऱ्या बांधावरूनच दिवसभर पेडल मारायचं, हे मनाला पटत नाही.

म्हणून लूप रोड. मनरो स्टेशनपाशी हायवे सोडायचा आणि फॉर्टी माइल बेंडला परत हायवेवर यायचं. चाळीसेक किलोमीटरचा हा रस्ता बिग सायप्रसच्या राखीव क्षेत्रातून जातो. पश्चिमेकडचा मोठा भाग कच्चा आहे, पूर्वेचा डांबरी. हायवेच्या तुलनेत एकूण अंतर दहाएक किलोमीटरनेच वाढतं. वाटेत स्वीटवॉटर स्ट्रँड लागतं. तिथे काळपट, स्वच्छ पाण्यात सायप्रसची झाडं बुंध्याशी फुगून उभी असतात, त्यांच्या फांद्यांवर बिनमातीची झुडपं लगडलेली, आणि पाणी अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. तिथे थांबून शांतपणे बघत बसायचं आहे. मात्र हा सायप्रस पानगळी आहे, जानेवारीत बहुतेक निष्पर्ण. मग दुपारी लूप रोडवर सावली मिळते का, की हायवेसारखंच ऊन डोक्यावर घ्यावं लागतं?

दाजींचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, हायवेनेच जाऊ आणि एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कमधल्या शार्क व्हॅलीची फेरी करू. ती २४ किलोमीटरची पक्की वाट आहे, पार्कची ट्रॅम सोडली तर वाहनं नाहीत, आणि मध्यावर मनोऱ्यावरून सॉग्रास नावाच्या गवताचा सगळा पसारा दिसतो. त्यांचं म्हणणं चूक नाही. त्यांना पक्ष्यांचं वेड आहे. कोरड्या ऋतूत पाणी ओसरून डबक्यांपुरतं उरतं, मासे तिथे कोंडतात आणि पक्षी तिथेच जमतात. आपल्या तिरंदाजाचा भाऊबंद अ‍ॅनहिंगा पंख पसरून वाळवत बसलेला जवळून बघायचा, तर शार्क व्हॅलीसारखी जागा नाही, असं सगळीकडे वाचलं. चित्रबलाकाच्याच कुळातला वुड स्टॉर्कही त्यांना बघायचाय. पण दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची म्हटलं तर उजेड पुरत नाही. त्या दिवसांत तो जेमतेम पावणेअकरा तास असतो, आणि अंधारात त्या हायवेवर मला राहायचं नाही. मागचा-पुढचा दिवा आहेच, पण तो वेळ पडलीच तर.

खरी काळजी सकाळची आहे. कार्नेसटाऊनपासून रस्ता पूर्वेकडून किंचित आग्नेयेला झुकत जातो आणि जानेवारीत सूर्यही जवळपास त्याच दिशेला उगवतो. म्हणजे मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत थेट ऊन, आणि त्याच्यापुढे आम्ही. सायकलला ओलांडताना किमान ३ फूट अंतर ठेवायचा तिथे कायदा आहे, पण दिसलंच नाही तर तो काय ठेवणार? सूर्य जरा वर येईपर्यंत तासभर उशिरा निघावं असं वाटतं, मग तोच तास संध्याकाळी कमी पडतो. तुम्ही काय केलं असतंत? हायवेच्या कडेला पक्की पट्टी सलग आहे का, आणि पुलांवर ती अरुंद होते का, हेही सांगा.

वाऱ्याचा विचार केलाय. तिथे एरवी पूर्वेचा वारा, म्हणजे दिवसभर तोंडावर. पण उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली की एखाद-दोन दिवस तो वायव्येचा होतो आणि पाठीशी येतो. त्यासाठी वाटेतल्या नेपल्स गावी एक दिवस हाताशी ठेवलाय. तेवढा पुरेल का?

पाणी प्रत्येकी साडेचार लिटर घेणार आहोत. कालव्याच्या काठाला वाकून बाटल्या भरायचा प्रश्नच नाही. हायवेवरच्या ओअ‍ॅसिस माहिती केंद्रात पिण्याचं पाणी मिळतं का? लूप रोडला वळलो तर ते चुकतंच, म्हणून मनरो स्टेशनच्या आधी सोय असेल तर तीही सांगा. तिथे मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरलंय.

अ‍ॅलिगेटरपासून १५ फूट लांब राहायचं हा पार्कचा नियम माहीत आहे. पण लूप रोडवर ते रस्त्यावरच आडवे पडलेले असतात म्हणे. दोन्हीकडे पाणी असताना १५ फूट सोडून पुढे जायचं कसं? तो आपणहून उठेपर्यंत थांबायचं, की एखादी गाडी येईल तिच्या आडोशाने निघायचं?

आमचे टायर ३८ मिमीचे आहेत, मागच्या कॅरिअरवर सामान भरपूर. कोरड्या खडीवर चालतील असा अंदाज आहे. पण आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर लूप रोड सरळ रद्द करावा का?