शाळेत सगळ्यांसमोर वजन आणि कंपनीची रंगभरण स्पर्धा: पत्र कसं लिहावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक चौथीत आहे, नाशिकच्या एका खासगी शाळेत. मागच्या महिन्यात शाळेत एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. त्याबद्दल पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी म्हणणं मांडायचं आहे. कुणी असं केलं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

पहिली गोष्ट आरोग्य तपासणीची. पी.टी.च्या तासाला अख्खा वर्ग रांगेत, समोर वजनकाटा, सर आकडा मोठ्याने सांगणार आणि एक मुलगा वहीत लिहिणार. लेकीचा आकडा ऐकून मागून कुणीतरी 'ढोली' म्हणालं. तेव्हापासून डबा नीट संपत नाही. पोळीचे तुकडे भाजीत घोळून कोपऱ्यात दाबून ठेवलेले असतात, थोडं खाल्लंय असं वाटावं म्हणून. विचारलं तर "भूक नव्हती."

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातल्या गुरुवारची. दुधात घालायच्या माल्ट पावडरच्या एका कंपनीने रंगभरण स्पर्धा घेतली. चित्रात त्यांचंच कार्टून, हातात कप. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला एक पाकीट. पुढे 'वाढत्या वयासाठी', मागे बारीक अक्षरांत १०० ग्रॅममागे ३२ ग्रॅम वरून घातलेली साखर. सोमवारी जिला वजनावरून ऐकून घ्यावं लागलं, तिच्याच हातात गुरुवारी शाळेने हे दिलं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या शांतपणे बोलल्या, पण उत्तर एवढंच: वजन कळलं की पालक सावध होतात, आणि एका पाकिटाने काय होतंय?

पहिल्या मुद्द्यावर कॅलिफोर्नियातला मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. ७९ शाळा, २८ हजारांवर मुलं. काही शाळांनी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) अहवाल घरी पाठवला, काहींनी नाही. अहवालामुळे मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट शाळेत वजन केलेल्या मुलांमध्ये एकमेकांच्या वजनाची चर्चा वाढली आणि स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजीही. तिथे तर आकडा असा ओरडून सांगण्याची पद्धतही नव्हती!

आकर्षक वेष्टनाच्या परिणामाबद्दल २००७ मधला स्टॅनफर्डचा प्रयोग आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तेच पदार्थ साध्या कागदात आणि मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात दिले. वेष्टनातलं जास्त चवदार लागतं असं बऱ्याच मुलांनी सांगितलं, अगदी गाजरसुद्धा. चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या पाकिटांवरून लहान मुलांना भुरळ घालणारी कार्टून्स हटवली, ती काही उगीच नाही.

आपल्याकडेही नियम आहे. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमावलीप्रमाणे जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत करायची नाही. फुकट वाटणंही यात येतं. पण पावडर दुधात घालून प्यायची असते, म्हणून ती यात बसत नाही असा पवित्रा शाळा किंवा कंपनी घेईल अशी मला शंका आहे. इथे अन्न व औषध प्रशासनात काम केलेलं कुणी असेल तर हा मुद्दा कसा मांडावा ते सांगा. थेट तक्रार करण्याआधी शाळेला एक संधी द्यावी असं मला वाटतं.

घरचीही बाजू सांगते. सासूबाई आतापर्यंत "खात्यापित्या घरची पोर आहे" म्हणायच्या, आता ताटावर बसली की "तिचा भात बंद कर" म्हणतात, तेही तिच्यादेखत. डॉक्टरांनी भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर नोंद केली. प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणारी जी जास्त वजनाची रेषा असते, तिच्या लेक किंचित वर आहे, लठ्ठपणाच्या २७ च्या रेषेपासून लांब. उंची वाढायची आहे, खाणं तोडू नका, घरात सगळ्यांचं ताट एकच ठेवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरातल्या बोलण्याचा परिणाम अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातही (२०१३) दिसला होता: ज्या घरांत वजनाबद्दल बोललं जायचं तिथली मुलं उपाशी राहण्यासारखे उपाय जास्त करायची, वजनाचा विषय न काढता चांगल्या खाण्याबद्दल बोलणाऱ्या घरांत हे प्रमाण कमी होतं. सासूबाईंना त्यांचा मान राखून हे कसं समजवायचं? त्यांची माया खरी आहे, म्हणूनच अवघड जातंय.

पत्रात लेकीचं नाव कुठेही यायला नको. तिच्यावर परत सगळ्यांचं लक्ष गेलं तर या खटाटोपाला काही अर्थ नाही. म्हणून चार-पाच पालकांच्या सह्या घेऊन मागण्या ठेवायचा विचार आहे: वजन पडद्याआड घ्या, आकडा बंद पाकिटात फक्त पालकांना द्या, आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना वर्गात आणू नका. यात काही राहतंय का? कुणाच्या शाळेने असं मान्य केलंय का? मसुदा असेल तर इथे टाका किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डाएट चार्ट आणि व्यायामाचे सल्ले कृपया नकोत. बैठक येत्या शनिवारी आहे.