४२९४९६७२९७ : भाजकांचा शोध

४२९४९६७२९७ चे भाजक शोधायला तिला ३, ७, ११ असं मूळ संख्यांनी ओळीने भागत जाणं हा एक मार्ग आहे. चुकीचा नाही, पण वर्गमूळ ६५५३६ च्या आसपास असल्याने भाजक लवकर सापडला नाही तर हजारो मूळ संख्या तपासाव्या लागतील. एवढा खटाटोप नको.

ही संख्या २^३२ + १ आहे. तिचा प्रत्येक मूळ भाजक १२८k + १ याच रूपाचा असतो. k ला १ ते ५ किंमती द्या: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. पैकी २५७ म्हणजे २^८ + १, म्हणून २५७ ने भागल्यावर २^८ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), २^३२ ची १ आणि आपल्या संख्येची २. तो बाद.

उरला ६४१. २^१६ = ६५५३६ ला ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, आणि ६४१ × ३७ = २३७१७. म्हणजे २^३२ ची बाकी −१, निःशेष भाग! गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलेला भाजक तो हाच. भागाकार ६७००४१७, तोही मूळच. इतकं सुंदर गणित कागदावर चार ओळींत मावतं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी जपा. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ही संख्या मावत नाही, नुसता १ उरतो. आणि फर्माची चाचणी (N मूळ असेल तर पाया^(N − १) ला N ने भागून बाकी १ येते, यावर आधारलेली; इथे N म्हणजे आपली संख्या) पाया २ घेऊन करू नका: २^६४ ला N ने भागल्यावर बाकी १ येते, N − १ ला ६४ ने भाग जातो, त्यामुळे संयुक्त (मूळ नसलेली) असूनही ती चाचणी पास होते. पाया ३ घेतला की लगेच पकडली जाते.